सुकाणू नसलेल्या बोटीचे शब्द

मोटारबोटीच्या पाठीमागे, पाण्यात अर्धामुर्धा बुडालेला, पंखा धरून ठेवणारा जो धातूचा अवयव असतो त्याला इटलीत 'पिएदे पोप्पिएरो' म्हणतात, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाचा पाय. स्पॅनिश बोलणारे त्यालाच 'कोला' म्हणतात, शेपूट. इंग्लंडमधल्या बोटवाल्यांच्या तोंडी 'लेग' आहे. फ्रेंचांनी शरीराचा नाद सोडून 'आंबाझ' हा बैठकीचा, तळाचा शब्द घेतला. अमेरिकेत या सगळ्या अवयवाला 'स्टर्नड्राइव्ह' आणि त्याच्या खालच्या भागाला 'लोअर युनिट' असे कोरडे नाव पडले.

हा खालचा भाग अधूनमधून उतरवावा लागतो. त्यात रबराचा एक छोटा पंप असतो, तो झिजतो. कधी तेलाचे सील जाते, कधी खडकावर आपटून दाते तुटतात. दुरुस्ती झाली की तो परत चढवायचा. मिस्त्री ज्या क्रमाने तो चढवतो त्याच क्रमाने त्यातले शब्द हातात घेऊन पाहावेत असे मला फार दिवस वाटत होते. कारण या एवढ्याशा वस्तूत शिडाच्या जहाजाची दोरी आहे, बैलाचे जू आहे, माणसाची दाढी आहे आणि झाडाचे पानही आहे. वस्तू म्हणून यातले काहीच तिथे सापडणार नाही. नावात मात्र सगळे शाबूत आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. बोटीला इंजिन बसवायच्या जुन्या तऱ्हा दोन. इंजिन बोटीच्या पोटात ठेवायचे, त्याचा लांब दांडा तळातून तिरपा बाहेर काढायचा, टोकाला पंखा आणि पंख्यामागे वेगळे सुकाणू. कोकणातले ट्रॉलर असेच असतात. दुसरी तऱ्हा आउटबोर्डची. इंजिन, दांडा, पंखा सगळे एकत्र बांधून मागच्या फळीला बाहेरून टांगलेले. फायबरच्या लहान होड्यांना आपल्याकडे हेच लावतात. स्टर्नड्राइव्ह या दोन्हींच्या मधला, आणि आपल्या किनाऱ्यावर तो कमीच दिसतो. त्यात इंजिन आतच राहते, पण मागच्या फळीला अगदी खेटून. तिथून दांडा फळीबाहेर पडतो, दातेरी चाकांवर काटकोनात वळून खाली उतरतो, तळाशी पुन्हा काटकोनात वळतो आणि पंख्याला जाऊन मिळतो. शक्तीची ही वाट इंग्रजी झेड अक्षरासारखी दिसते, म्हणून जर्मन लोकांनी याला झेडचा चालक असेच नाव दिले.

१९५९ साली न्यूयॉर्कच्या बोटप्रदर्शनात स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने 'अक्वामॅटिक' या नावाने हे यंत्र मांडले. त्यामागे जिम विन हा अमेरिकन अभियंता होता, जो आधी मर्क्युरीत काम करीत असे. १९६१ मध्ये मर्क्युरीने आपले 'मर्क्रूझर' आणले आणि पुढे तेच नाव घरोघर पोचले. 'अक्वामॅटिक'मध्ये लॅटिन पाणी आहे आणि 'ऑटोमॅटिक'चा तुटलेला शेवट आहे. पण खरा लोभसवाणा शब्द कंपनीच्या नावात आहे. 'व्होल्वो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी वळतो, मी फिरतो'. १९१५ साली हे नाव बॉल बेअरिंगसाठी नोंदवले गेले, तेव्हा ते नेमके होते. आपले वळणे, वळण, वलय त्याच मूळ धातूच्या गोतातले. 'पेंटा' म्हणजे ग्रीक पाच, आपल्या 'पंच'चा सख्खा भाऊ. उत्तरेच्या टोकाला जन्मलेल्या या इंजिनाच्या नावाची दोन्ही अक्षरजोडपी मराठी माणसाला अशी घरची निघतात.

आता या यंत्राचा मुख्य गुण. त्याला सुकाणू नसते. चालक चाक फिरवतो तेव्हा मागचा सबंध पाय डावी-उजवीकडे वळतो, त्याबरोबर पंखा वळतो, आणि पंखा ज्या दिशेने पाणी फेकतो त्याच्या हिशेबाने बोट वळते. ढकलणारा आणि दिशा देणारा इथे एकच झाला आहे.

'स्टर्न' हा शब्द या ठिकाणी पाहावा. इंग्रजी जाणणाऱ्याला आज त्याचा अर्थ बोटीचा मागचा भाग एवढाच लागतो. पण तो उत्तरेकडच्या नॉर्स दर्यावर्द्यांच्या 'स्त्योर्न'वरून आला, आणि 'स्त्योर्न' म्हणजे वळवणे, हाकणे. आइसलँडमध्ये 'स्त्योर्न' आजही कारभाराला, शासनाला म्हणतात. जिथून बोट वळवतात ती जागा म्हणून मागच्या भागाला हे नाव मिळाले. त्याआधी तर वळवण्याचे मोठे वल्हे जहाजाच्या उजव्या कुशीला बांधलेले असे. म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे हाकण्याची कड. डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणत. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात ही दोन नावे एकसारखी ऐकू येत, म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४४ साली 'लारबोर्ड' बंद करून 'पोर्ट' रूढ केले. उजव्या कडेवरचे ते वल्हे गेले, मागे बिजागरीवर सुकाणू आले, आणि आता स्टर्नड्राइव्हमध्ये सुकाणूही गेले. 'स्टारबोर्ड' मात्र टिकला. आणि 'स्टर्न'चे तर असे झाले की ज्या यंत्राच्या नावात तो बसला, तिथे बोटीचे मागचे टोक खरोखरच वळवण्याचे काम स्वतः करू लागले. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही. शब्दाचा अर्थ मिटून गेला होता आणि यंत्राने तो पुन्हा उघडला, एवढे खरे.

आपला 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला. अरबीच्याही मागे अरामी आणि त्यामागे मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेतला 'सिक्कानू' आहे. युफ्रेटिसच्या पात्रात नावा हाकणाऱ्यांचा शब्द आज मालवणात नांदतो आहे. सुकाणू धरणारा तो 'सुक्कानी', आणि हिंदी महासागरातल्या इंग्रज जहाजांवरही तो याच नावाने नोकरीला असे. अरबी लिपीत 'सुक्कान' असेच लिहिले जाणारे दुसरेही एक रूप आहे, त्याचा अर्थ रहिवासी लोक. त्याचे एकवचन 'साकिन' आपल्या जुन्या कागदपत्रांत भेटते, 'साकीन मौजे अमुक' असे. एकाच अक्षरांत वळवणाराही मावतो आणि एका जागी स्थिर राहणाराही.

बोटीवरची माणसे आपल्याकडे बहुतेक याच वाटेने आली. नाखवा हा फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. सारंग हा 'सरहंग', फौजेचा नायक. खलाशी, खलास आणि खुलासा ही तिन्ही एकाच अरबी धातूची लेकरे, ज्याचा अर्थ मोकळे होणे. दर्यावर्दी फारसी, बंदर फारसी, आरमार पोर्तुगीज 'आर्मादा'वरून. जमिनीवरच्या मराठीत संस्कृत-प्राकृताचा ओघ मोठा आणि पाण्यावरच्या मराठीत परदेशी बंदरांचा, हे आपल्या कोशकारांनी नोंदवले आहेच. पण सुकाणूला एक संस्कृत शब्दही होता आणि तो फार सुंदर आहे. तो म्हणजे 'कर्ण'. जहाजाचा कान. तो धरणारा 'कर्णधार'. कान धरून जनावर वळवावे तसे जहाज वळवण्याची ही कल्पना. स्टर्नड्राइव्ह जमिनीवर असताना चालवून पाहायचा झाला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाणी घेणाऱ्या झरोक्यांवर रबराच्या दोन वाट्या चढवून त्यांना नळीने पाणी देतात. या वाट्यांना इंग्रजीत 'मफ' म्हणतात, म्हणजे थंडीत कानांवर चढवायची झापडे. सुकाणूला कान म्हणणाऱ्या संस्कृत कवीला हे पाहून फार आनंद झाला असता.

कर्णधार आता क्रिकेटच्या मैदानावर असतो. सुकाणू समित्या नेमल्या जातात. २०१७ च्या शेतकरी संपात महाराष्ट्रभर 'सुकाणू समिती' हा शब्द रोज छापून येत होता, आणि तो वाचणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांनी सुकाणू डोळ्यांनी पाहिलेही नसेल. ग्रीकातून लॅटिनमध्ये आलेला 'गुबेर्नारे' म्हणजे सुकाणू धरणे, त्यावरून 'गव्हर्नर' आला. त्याच ग्रीक मुळावरून गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये 'सायबरनेटिक्स' हे नाव घडवले आणि पुढे 'सायबर' गुन्हे आले. दिशा देणे या गोष्टीला मानवजातीने दुसरी उपमा शोधलीच नाही असे वाटते. इंग्रजी 'रडर' मात्र मुळात सुकाणूचा नव्हताच, तो वल्ह्याचा. त्याचा धातू वल्हवण्याचा आहे आणि संस्कृत 'अरित्र' त्याच धातूचे. ऋग्वेदात अश्विनीकुमार भुज्यूला समुद्रातून वाचवतात ती नौका शंभर अरित्रांची आहे. वल्हे हेच ढकलते आणि हेच वळवते, अशी ती अवस्था होती. मग दोन कामांना दोन अवयव झाले, पंखा आणि सुकाणू. स्टर्नड्राइव्हने ती दोन्ही कामे परत एकाच अवयवात घातली. त्या अर्थाने हा पाय 'अरित्र' या नावाला अधिक जवळचा आहे.

आता प्रत्यक्ष काम.

लोअर युनिट घोडीवर उभे करून ठेवले की त्याच्या माथ्यावर पंप दिसतो. बाहेरचे पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवणे हे त्याचे काम. आत रबराची सहा-सात पात्यांची एक चकती फिरते, ती 'इम्पेलर'. खाली टोकाला असतो तो 'प्रोपेलर'. दोघांचेही मूळ लॅटिन 'पेल्लेरे', म्हणजे लोटणे, रेटणे. 'पुश' आणि 'पल्स' हेही त्याच घरचे. आत लोटणारा तो एक आणि पुढे लोटणारा तो दुसरा. 'प्रो' म्हणजे आपला 'प्र'. हिंदी परिभाषेत 'प्रणोदक' हा शब्द घडवला गेला तो याच जोडणीवर, प्र आणि नुद्. शब्द शुद्ध आहे, पण तो धक्क्यावर उतरला नाही. धक्क्यावर 'पंखा' आहे. इम्पेलर बसवताना त्याची पाती फिरण्याच्या दिशेला पाठ देऊन मुडपलेली असावी लागतात. म्हणून वरचे झाकण खाली दाबताना दांडा फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत राहायचे.

झाकणाखाली पातळ 'गॅस्केट' येते. आपले मिस्त्री त्याला 'पॅकिंग' म्हणतात. गॅस्केट हा मूळचा शिडाचा शब्द. गुंडाळलेले शीड आडव्या काठीला बांधून ठेवायच्या आखूड दोरीला सतराव्या शतकातले खलाशी गॅस्केट म्हणत. वाफेची इंजिने आली तेव्हा दट्ट्याभोवतीची फट बुजवायला तागाच्या दोऱ्याच कोंबत, आणि दोरीचे नाव फट बुजवणाऱ्या वस्तूला चिकटले. आता ते कागदाचे, रबराचे, धातूचे असते. शीड उतरले, दोरी कुजून गेली, आणि शिडाला हद्दपार करणाऱ्या यंत्राच्या पोटातच तिचे नाव जाऊन बसले. मला या सबंध कामातला हा सर्वांत हृद्य शब्द वाटतो.

पंपाच्या मधून उभा दांडा वर येतो. त्याच्या टोकाला उभ्या खाचा असतात, त्या 'स्प्लाइन'. हा शब्द इंग्लंडच्या पूर्वेकडच्या बोलीतला. लाकडाची लांब, लवचीक पट्टी म्हणजे स्प्लाइन. जहाज बांधणारे सुतार मोठ्या जमिनीवर जहाजाची वळणे आखत, तेव्हा ही पट्टी वजनांनी जागोजाग दाबून धरत आणि ती आपसूक जे वळण घेई ते रेखून काढत. १९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने अशा वळणांच्या गणिताला तेच नाव दिले, आणि आज संगणकाच्या पडद्यावर अक्षरांच्या कडा गोल दिसतात त्यामागे स्प्लाइन आहे. आपल्या दांड्यावरच्या खाचांनाही तेच नाव. यंत्राच्या दुकानात आणि चित्रकाराच्या संगणकात एकच शब्द राबतो आहे आणि दोघांनाही एकमेकांची वार्ता नाही.

या दांड्याबरोबर दुसराही एक बारीक दांडा वर येतो, गिअर बदलण्याचा. स्टर्नड्राइव्हच्या एका फार पसरलेल्या जातीत पुढचा आणि मागचा गिअर लोअर युनिटच्याच पोटात असतात आणि मधली कडी एकीकडून दुसरीकडे सरकते. या कडीच्या पकडीला इंग्रजीत कुत्र्याचे नाव आहे, 'डॉग'. आपल्या बंदुकीला घोडा असतो, तसेच हे. 'गिअर' स्वतः नॉर्स 'गेर्वी'पासून, म्हणजे साज, पेहराव, लढाईची सामग्री. चाकावरच्या दात्यांचा अर्थ त्याला फार उशिरा लागला. मराठीने थेट जे दिसते ते सांगितले, दातेरी चाक.

लोअर युनिट चढवण्याआधी वरचा भाग आणि खालचा भाग दोन्ही एकाच गिअरमध्ये, बहुधा पुढच्या, असले पाहिजेत. पंख्याचा दांडा हाताने फिरवला आणि उभा दांडाही बरोबर फिरला, तर गिअर पडलेला आहे. हे पाहिले नाही तर दोन्ही भाग दिसायला नीट बसतात आणि पाण्यात गेल्यावर गिअर बदलत नाही. खाचांना ग्रीस लावायचे, पण दांड्याच्या माथ्यावर थापायचे नाही. तिथले ग्रीस दबून राहते, त्याला जायला जागा नसते आणि दांडा पूर्ण वर बसत नाही.

मग उचलायचे. इथे दोन माणसे असलेली बरी. एकाच वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पाण्याची नळी पंपाच्या तोंडात, गिअरचा बारीक दांडा वरच्या जोडीदारात, आणि मुख्य दांड्याच्या खाचा वरच्या खाचांत. बोटभर फट उरते आणि पुढे काही सरकत नाही, असे हमखास होते. खाच खाचेसमोर आलेली नसते. अशा वेळी पंखा अगदी किंचित फिरवायचा. खाच सापडली की युनिट आपसूक वर जाते. राहिलेली फट नट आवळून मिटवायची नाही, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. नटात जोर असतो. तो दोन भाग जवळ आणतो आणि मधले काहीतरी मोडतो.

नटाला अनेक भाषांनी स्त्री मानले आहे. जर्मन भाषेत नट म्हणजे 'मुटर', आई. पोर्तुगीजमध्ये 'पोर्का', डुकरीण. आपल्याकडे सुतार नर-मादी म्हणतो. इंग्रजी 'स्क्रू'चा संबंधही लॅटिन डुकरिणीशी, 'स्क्रोफा'शी जोडला जातो, शेपटीच्या पिळावरून. ज्या संस्कृतीच्या परसात जे जनावर, ते तिच्या यंत्रात आले.

जनावरावरून जू आठवले. लोअर युनिट जिथे चढते त्याच्याही वर, बोटीच्या फळीपाशी, इंजिनाचा दांडा बाहेर येताना एका लवचीक सांध्यातून येतो. पाय वर उचलला किंवा बाजूला वळवला तरी दांडा फिरत राहावा म्हणून हा सांधा. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताचे आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकचे नाव त्याला लावतात. या सांध्याच्या दोन पंज्यांना 'योक' म्हणतात, म्हणजे जू. 'योक' आणि आपले 'जू' दोन्ही मुळात एकच, मधे संस्कृत 'युग'. 'जॉइंट'ही त्याच धातूचा, लॅटिन 'युंगेरे'मार्गे. याच ठिकाणच्या कड्याला 'गिंबल' म्हणतात आणि गिंबल म्हणजे लॅटिन 'गेमेल्लुस', जुळे. 'जुळे' हा मराठी शब्द संस्कृत 'युगल'वरून आला, तो त्याच 'युग'चा. एका सांध्यात योग, जू, जुळे अशी तीन भावंडे राहतात, आणि नाव ठेवणाऱ्या अमेरिकन कारखान्याला संस्कृतचा गंध नव्हता.

नट आवळून झाले की पंख्याकडे यायचे. इथे मला जरा थांबायचे आहे, कारण पंख्याच्या नावांत एका शोधाचा इतिहास आहे. पाण्यात फिरवून जहाज लोटायचा विचार पहिल्यांदा स्क्रूच्या रूपातच सुचला. ऑस्ट्रियाचा वनाधिकारी योसेफ रेसेल याने १८२७ साली त्याचा हक्क नोंदवला आणि १८२९ मध्ये त्रिएस्तच्या बंदरात 'चिव्हेत्ता' ही बोट चालवून पाहिली. १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी वेगवेगळे हक्क घेतले. स्मिथचा स्क्रू लाकडाचा, दोन पूर्ण पिळांचा होता. पॅडिंग्टनच्या कालव्यात तो कशावर तरी आपटला, अर्धा तुटून पडला, आणि बोट आधीपेक्षा जोरात पळू लागली. पीळ जितका तोकडा तितका चांगला, हे या मोडतोडीने शिकवले. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने स्क्रूवाले 'रॅटलर' आणि बाजूच्या चाकांवर चालणारे 'अलेक्टो' पाठीला पाठ बांधून रस्सीखेच लावली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला अडीच नॉटांहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले.

पीळ तोकडा होत होत पाती तेवढी उरली. तरी इंग्रजीत जहाजवाले कितीतरी काळ 'स्क्रू'च म्हणत राहिले. फ्रेंचांनी ग्रीक पिळाचा शब्द घेऊन 'एलीस' केले, आणि हेलिकॉप्टरमध्ये तोच आहे. आपल्याकडे 'मळसूत्र' हा पिळाचा नेमका शब्द होता. तो जिन्याला गेला, बोटीला गेला नाही. पंखा हा मूळचा हलवायचा: हातातला, किंवा छताला टांगून दोरीने ओढायचा. विजेचा गरगर फिरणारा पंखा घरात आला तेव्हा त्या शब्दाने हलणे सोडून फिरणे घेतले, आणि मला वाटते, त्यानंतरच तो समुद्रात उतरू शकला. 'पंख्यात जाळे अडकले' हे वाक्य आज किनाऱ्यावर कोणालाही समजते. त्याच्या पात्याला इंग्रजीत 'ब्लेड' म्हणतात, आणि ब्लेड म्हणजे मुळात झाडाचे पान. मराठी 'पाते'ही संस्कृत 'पत्र'वरून. संस्कृतात पत्राचा आधीचा अर्थ पंख, पीस असा आहे, पान नंतरचे. म्हणजे 'पंख्याचे पाते' म्हणताना आपण नकळत पंखाचा पंख म्हणतो.

पंख्याच्या वर एक आडवी पसरट पट्टी असते. तिला सगळे 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात आणि हे नाव चुकीचे आहे. १८९४ च्या सुमाराला 'डेअरिंग' या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचण्यांत असे दिसले की पंखा फार वेगाने फिरला की त्याच्या पात्यांच्या पाठीवर पाणी तुटते, तिथे पोकळ्या तयार होतात आणि जोर वाया जातो. आर. ई. फ्रूड यांनी त्यासाठी 'कॅव्हिटेशन' हा शब्द सुचवला, लॅटिन 'काव्हुस', म्हणजे पोकळ, यावरून. अभियंता चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' ही बोट याच पोकळ्यांपायी सुरुवातीला पळेना. त्याने तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवले, आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या आरमारी संचलनात ती ३४ नॉटांच्या वेगाने सगळ्यांसमोरून निघून गेली. कॅव्हिटेशनमध्ये दाब उतरल्यामुळे पाणी जागच्या जागी उकळते, त्यात बाहेरची हवा नसते. लोअर युनिटवरची पट्टी ही पोकळी थांबवूच शकत नाही. ती वरच्या पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये म्हणून असते, आणि हवा ओढली जाण्याला 'व्हेंटिलेशन' म्हणतात. दोन्हीत पंखा भणभणतो, इंजिन ओरडते, बोट मात्र पुढे जात नाही. बोट हाकणाऱ्याला कानाने फरक कळत नाही, म्हणून दोन्हीला एकच नाव पडले. पण दुरुस्ती वेगळी असते. कॅव्हिटेशनचा दोष पात्याच्या वाकलेल्या कडेत शोधावा लागतो, व्हेंटिलेशनचा पाय फार वर उचलला जाण्यात. चुकीच्या नावामुळे मिस्त्री चुकीच्या जागी पाहतो, म्हणून इथे नावाबद्दल आग्रह धरावा असे मला मनापासून वाटते.

त्या पट्टीच्या खाली मागे एक छोटा पर असतो, 'ट्रिम टॅब'. पंख्याच्या फिरण्यामुळे बोट एका अंगाला ओढली जाते, तो ओढा हा पर सावरतो. उतरवण्याआधी त्याच्या जागेवर खूण करून ठेवायची आणि चढवताना खुणेवर खूण आणायची. पुष्कळदा हा पर जस्ताचा असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की एक दुसऱ्याला खातो. ॲल्युमिनियमचा पाय वाचावा म्हणून त्याहून हलक्या जातीचा धातू जवळ ठेवतात, तो आधी झिजतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी ही युक्ती मांडली. तांबे खरोखर वाचले, आणि वाचले म्हणूनच त्याच्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढले, कारण झिजणारे तांबेच त्यांना आजवर मारत होते.

या जस्ताला 'ॲनोड' म्हणतात. फॅरडेने १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल या पंडिताच्या मदतीने हा ग्रीक शब्द घडवला. त्याचा अर्थ 'वर जाणारी वाट', आणि तो मुद्दाम असा निवडला की विजेच्या दिशेबद्दल उद्या मत बदलले तरी शब्द खोटा पडू नये. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला 'धनाग्र' म्हटले. वीज देऊन धातूचा मुलामा चढवताना ते बरोबर असते. बोटीखालच्या जस्तात मात्र तेच टोक ऋण असते. फॅरडेने जी सावधगिरी बाळगली ती आपल्या भाषांतरात सुटली. 'जस्त'चा संबंध संस्कृत 'यशद'शी जोडला जातो. राजस्थानात झावरला ते मध्ययुगातच ऊर्ध्वपातनाने काढत होते. जस्ताला रंग लावायचा नाही, ते उघडे राहिले तरच खर्ची पडते. गोड्या पाण्यात ते कामाला येत नाही, तिथे मॅग्नेशियम लागते.

पंख्याच्या खाली, अगदी तळाशी, एक जाड पट्टी असते जी जमिनीला टेकून पंख्याला वाचवते. तिला 'स्केग' म्हणतात. डच भाषेतून आलेला हा शब्द नॉर्स 'स्केग्ग'पासून, म्हणजे दाढी. इटालियन पायाला अशी नॉर्स दाढी आहे.

शेवटी तेल. ते वरून ओतायचे नसते. तळाच्या भोकातून पंपाने वर चढवायचे, म्हणजे हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरच्या भोकातून स्वच्छ तेल, बुडबुड्याशिवाय, वाहू लागले की आधी वरचे बूच लावायचे आणि मगच खालचे. उलट केले तर तेल गळते आणि पोटात हवा राहते. वरच्या आणि खालच्या भागाच्या सांध्यावर तेलाच्या वाटेभोवती एक रबरी कडी असते, ती नवीच घालावी. जुनी कडी दिसायला धड असली तरी एकदा चपटी झालेली असते.

मग कानांवर झापडे चढवून इंजिन चालू करायचे, पाणी येते का पाहायचे, गिअर पुढे-मागे टाकून पाहायचे. पाण्यात पहिली फेरी मारून आल्यावर तळाचे बूच किंचित सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरले आहे, आणि सगळे परत उतरवायचे आहे.